भुतं छापील असलेली बरी

भयकथा वाचून अंधश्रद्धा वाढते, हे आपल्याकडे इतक्या वेळा म्हणून झालंय की आता त्याला कुणी हरकतही घेत नाही. शाळेच्या ग्रंथालयात भुताखेतांची पुस्तकं नकोत असं एकानं म्हटलं की बाकीचे माना डोलावतात. टीव्हीवर भुताची मालिका सुरू झाली की निषेधाचं पत्रक ठरलेलं. मी नवस न बोलणारी, पत्रिका न जुळवता लग्न केलेली आणि पोरांची दृष्ट कधीही न काढलेली बाई आहे. तरीही माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. नीट लिहिलेली, छापून पुस्तकात आलेली भुताची गोष्ट अंधश्रद्धेला खतपाणी घालत नाही. ते काम न छापलेली भुतं करतात: मेव्हण्याच्या मित्राला प्रत्यक्ष दिसलेली, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी, 'सत्य घटनेवर आधारित' असं कपाळावर लिहून येणारी.

ठाण्यातल्या आमच्या मानपाड्याच्या गृहसंकुलात क्लबहाउसच्या कोपऱ्यात पुस्तकांचं एक कपाट आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलं घरीच असतात, तेव्हा त्यात थोडी भर घालावी म्हणून मी कमिटीला भय-गूढकथांची यादी दिली. नारायण धारप, रत्नाकर मतकरी, चिं. त्र्यं. खानोलकर, हृषीकेश गुप्ते, शिवाय 'नवल' आणि 'धनंजय' यांचे जुने दिवाळी अंक मिळाले तर तेही. ग्रुपवर उत्तर आलं: लहान मुलांच्या मनावर परिणाम होतो, आणि सणासुदीला हे विषय अशुभ वाटतात, असं काही सभासदांचं मत पडलं. त्याच्याच खाली दुसरी सूचना होती. 31 ऑक्टोबरला पोडियमवर हॅलोवीन, मुलांनी भुताच्या वेषात यावं, उत्कृष्ट वेषभूषेला बक्षीस.

हॅलोवीनवर माझा राग नाही. पोरं मजा करतात, आयांना फोटो मिळतात, खाऊ वाटला जातो; भोंडल्याच्या खिरापतीसारखाच प्रकार आहे. पण रबरी मुखवटा मनावर परिणाम करत नाही आणि मतकरी करतात, हे कमिटीला कसं कळलं? एका अर्थी मतकरींना मिळालेली ही मोठीच पावती आहे. परिणाम होतो. व्हायलाच हवा. तो कोणता, एवढंच पाहायचं.

गोष्टीचं पुस्तक हातात घेताना वाचकानं एक कबूल केलेलं असतं, की हे कुणीतरी रचलेलं आहे. मुखपृष्ठावर रचणाऱ्याचं नाव असतं, आत प्रकाशकाचा पत्ता असतो, मागे किंमत असते. त्या भुताची जबाबदारी घेणारा माणूस हजर असतो. आणि तरीही रात्री अकराला, घरातले सगळे झोपलेले असताना, बाथरूममधल्या नळाचा थेंब बादलीत पडला की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला यातून जे कळतं ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकात कुठे नाही. गोष्ट खोटी, काटा मात्र खरा. काटा आला म्हणून समोरचं खरं ठरत नाही, हे त्यानं स्वतःच्या अंगावर अनुभवलेलं असतं. पुढे कधी एखाद्या बाबाच्या दरबारात धूप, ढोल, घुमणारी बाई आणि मंद दिवे यांच्यात तो उभा राहिला आणि पाठीतून शिरशिरी गेली, तर 'मला काहीतरी जाणवलं, म्हणजे इथे काहीतरी आहे' एवढ्यावर तो पाकीट काढणार नाही. तशी शिरशिरी त्याला पूर्वी दीडशे-दोनशे रुपयांच्या पुस्तकानंही आणलेली असते.

पुरावा हवा असेल तर सिनेमाचा घेऊ. 1975 साली 'जय संतोषी माँ' आला. लोक चपला बाहेर काढून थिएटरात जात, पडद्यावर फुलं आणि नाणी उधळत, आणि तोवर फारशी कुणाला ठाऊक नसलेल्या देवीचे शुक्रवार घरोघर सुरू झाले. आंबट वर्ज्य असलेले ते शुक्रवार ज्यांनी लहानपणी काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको. 2018 च्या ऑक्टोबरात 'तुंबाड' हा भयपट आला. 2024 च्या सप्टेंबरात तो पुन्हा लावला तर पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमला. इतक्या लोकांनी त्यातला कणकेला हपापलेला शापित देव हस्तर पाहिला, घाबरले, पॉपकॉर्न संपवून घरी गेले. हस्तरचं देऊळ कुठे उभं राहिल्याचं ऐकिवात नाही, की त्याला कणकेच्या बाहुल्या वाहायला कुणी सुरुवात केली नाही. ज्याला घाबरायला आपण तिकीट काढून जातो, त्याला कुणी नवस बोलत नाही.

आता न छापलेल्या भुतांकडे येऊ. घोडबंदर रोडच्या रिक्षावाल्यांकडे एक बाई आहे. पांढरी साडी, मोकळे केस, गायमुखच्या घाटात हात करते. कासारवडवलीहून येताना एका रिक्षावाल्या दादांनी मला तिची सविस्तर माहिती दिली.

"मॅडम, बारानंतर दिसते. थांबलं नाही तर पुढच्या वळणावर गाडी पलटी."

"आणि थांबलं तर?"

दादांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि जरा विचार केला. "थांबलं तरी पलटीच."

गायमुखला गाड्या का पलटी होतात हे कळायला बाईची गरज नाही. चढ आहे, वळण आहे, न्हावा-शेवा बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर याच रस्त्यानं अहमदाबाद हायवे गाठतात, आणि पावसाळ्यात रस्त्याची जी चाळण होते ती दिवाळीपर्यंत बुजली तर नशीब. दरवर्षी दुरुस्ती, दरवर्षी कोंडी. या सगळ्याला कंत्राटदार असतो, अभियंता असतो, कुठल्या तरी टेबलावर फाईल असते. बाईकडे यातलं काही नाही. अपघात तिच्या नावावर टाकला की विषय मिटतो. 'खरं' भूत हे असं कामाला येतं: ज्याच्याकडे बोट दाखवायचं त्याच्या पुढ्यात येऊन उभं राहतं.

ठाण्यातलीच एक जुनी सोसायटी इंटरनेटवरच्या 'झपाटलेल्या जागां'च्या याद्यांत कायमची मुक्कामाला आहे. तिचं नाव मी घेणार नाही. तिथे माणसं राहतात, घरं विकतात, मुलामुलींची लग्नं जमवतात. कथा अशी की रात्रपाळीचा वॉचमन खुर्चीत पेंगला की एक अदृश्य हात त्याच्या थोबाडीत मारतो. मला या गोष्टीत भुतापेक्षा वॉचमनच जास्त दिसतो. बारा तासांची पाळी, कधी कधी दुसरीकडे दिवसाची नोकरी करून आलेला, बसायला प्लास्टिकची खुर्ची, आणि झोपलेला सापडला तर पगारात कपात. हे भूत आहे की सिक्युरिटी एजन्सीचा सुपरवायझर? एखाद्या लेखकाच्या हाती ही गोष्ट लागली तर तो दुसऱ्या पानावर त्या वॉचमनच्या घरी जाईल. यादी करणारा जात नाही. त्याला फक्त बिल्डिंगचा नंबर हवा असतो.

2013 च्या ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, आणि वर्षानुवर्षं अडकून पडलेला जादूटोणाविरोधी कायदा आधी वटहुकूम म्हणून, मग डिसेंबरात विधिमंडळाची मंजुरी घेऊन आला. त्याच्या अनुसूचीत काय काय आहे ते एकदा वाचण्यासारखं आहे. भूत उतरवण्याच्या बहाण्यानं माणसाला दोरीनं किंवा साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं. अंगात शक्ती आल्याचं भासवून फसवणं. भूत-पिशाच्चाचा धाक घालून घबराट पसरवणं, दवाखान्यात जाऊ न देणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. यातली झाडून सगळी कलमं 'हे खरं आहे' असं छातीठोक सांगणाऱ्यांसाठी आहेत. गोष्ट रचणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नाही. कायदा करणाऱ्यांना फरक कळला होता; आमच्या कमिटीला आणि पत्रकं काढणाऱ्या माझ्या काही मित्रांना तो अजून कळायचाय. 2016 मध्ये 'रात्रीस खेळ चाले' ही कोकणात घडणारी भुताची मालिका सुरू झाली तेव्हा कोकणची बदनामी आणि अंधश्रद्धेचा प्रसार असे दोन्ही आक्षेप हातात हात घालून आले. लोकांनी मालिका पाहिली, तिच्यातल्या अण्णा नाईकांवर विनोद केले, आणि नेहमीसारखे कामाला लागले. उलट 2024 च्या मार्चमध्ये याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात, एका म्हाताऱ्या माणसाला जादूटोण्याच्या संशयावरून निखाऱ्यांवर नाचवलं. ज्यांनी नाचवलं ते धारप वाचून तिथवर पोचले होते असं मला काही वाटत नाही.

छापल्यानं भुताचं काय होतं, याचं एक जुनं उदाहरण ठाण्याशीच जोडलेलं आहे. ए. एम. टी. जॅक्सन या आयसीएस अधिकाऱ्याला लोकसमजुती जमवायचा नाद होता. तो नाशिकचा कलेक्टर असताना 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 ला फाशी दिलं ते ठाण्याच्या तुरुंगात. जॅक्सनच्या मागे राहिलेले कागद एन्थोव्हेन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्यानं संपादून छापले. त्यातला कोकणचा खंड 1915 चा. मजकूर बराचसा गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवलेला, आणि या मास्तरांनी भुतांची चक्क शिरगणती केली आहे. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत गेलेली ती हडळ. नवरा जिवंत असताना गेलेली ती जखीण. विधवा ती लाव. मुंजीच्या वयात गेलेला तो मुंजा. पाण्यात बुडालेला तो गिऱ्हा. ब्राह्मणाचं भूत वेगळं, शूद्राचं वेगळं, मुसलमानाचं वेगळं. मेल्यावरही जात काही सुटलेली नाही.

ओळीनं वाचत गेलं की भीती ओसरते आणि भलतंच काही दिसायला लागतं. बाळंतिणी किती सहज मरत असतील ते दिसतं. कठडा नसलेल्या विहिरी दिसतात. आठ-दहा वर्षांची, नुकती जानवं घातलेली पोरं तापानं गेलेली दिसतात. विधवेचा धाक तर ती मेल्यावरही गावाला वाटत होता, कारण जिवंतपणी आपण तिच्याशी कसे वागलो हे गावाला पक्कं ठाऊक होतं. जोवर मुंजा पिंपळावर असतो तोवर त्याला नारळ द्यायचा. मास्तरांनी त्याला कागदावर आणला, की हे पोर कशानं गेलं, असं विचारता येतं.

चांगला कथाकार हेच विचारतो, फक्त आपल्याला घाबरवून विचारतो.

नारायण धारप (1925–2008) घ्या. विज्ञान शिकलेला माणूस. अमंगळाशी लढणाऱ्या समर्थ या नायकाच्या त्यांच्या कथा अप्पा या त्याच्या सोबत्याच्या तोंडून येतात आणि त्यांतलं अमंगळ कधी मनमानी करत नाही. त्याला नियम असतात. कुणीतरी, कधीतरी, कशाच्या तरी हव्यासानं दार उघडलेलं असतं, आणि ते कुणी उघडलं याचा शोध म्हणजे गोष्ट. भाषा साधी, जवळजवळ कारकुनी, त्यामुळे बसणारा धक्का दुप्पट. धारपांनी इंग्रजीतून पुष्कळ उचललं, हेही मान्य करायला हवं. 'लुचाई' कादंबरीचं मूळ स्टीफन किंग या अमेरिकी लेखकाच्या 'सालेम्स लॉट'मध्ये आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना 'तुंबाड' सुचला तो धारपांच्याच कथेवरून, आणि तिचं मूळही किंगकडेच जातं. पण उचललेलं भूत इथल्या वाड्यांत आणि माजघरांत इतकं रुळलं की त्याचा पासपोर्ट विचारावासा वाटत नाही. एक सूचना मात्र देते: समर्थ येऊन निस्तरणार हे ठाऊक झालं की धार बोथट होते. या कथा एका बैठकीत दोन-तीनच्या वर वाचू नयेत.

रत्नाकर मतकरींचं (1938–2020) वेगळं. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'कबंध', 'निजधाम' हे संग्रह काढून बसा. भूत असेलच असं नाही. नवरा, बायको, शेजारी, ऑफिसातला सहकारी, असली नेहमीची माणसं, आणि भीती बाहेरून येण्याऐवजी त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी मत्सरातून किंवा अपराधी मनातून निघते. बरीच वर्षं बँकेत नोकरी करून लिहिणाऱ्या या माणसाला मध्यमवर्ग आतून पाठ होता. मला वाटतं, कमिटीला धास्ती आहे ती याचीच. वेताळ चालेल, तो आपल्या विंगेत राहत नाही. मतकरींची माणसं राहतात. आणखी एक गोष्ट ठाणेकरांनी तरी विसरू नये. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत मतकरी इथे समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' चालवत होते, आणि वस्त्यांमधली मुलं आपल्याच जगण्यावर नाटिका रचून करत होती. पांढरपेशांना त्यांच्या घरातली भीती दाखवायची आणि वस्तीतल्या पोरांना त्यांच्या घरातली गोष्ट स्वतःच्या तोंडानं मांडायला लावायची, ही मला दोन वेगळी कामं वाटत नाहीत.

खानोलकरांची 'कोंडुरा' ही कादंबरी आहे, संग्रहांच्या यादीत घुसवते आहे, चालवून घ्या. आपल्याला दैवी वर मिळाला आहे अशा समजुतीत अडकलेल्या माणसाची इतकी निर्दय गोष्ट मराठीत दुसरी नसेल. बुवाबाजीवरच्या डझनभर व्याख्यानांचं काम ती एकटी करते. हल्लीच्यांपैकी हृषीकेश गुप्ते यांचे 'अंधारवारी' आणि 'घनगर्द' हे संग्रह मी मोठ्या मुलांच्या हातात बिनदिक्कत देईन. अगदी लहानांच्या नाही.

जुनी पुस्तकं मिळत नाहीत ही तक्रार ठाण्यात तरी कुणी करू नये. वि. ल. भावे यांच्या पुढाकारानं 1893 साली सुरू झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मुंबईचं ग्रंथसंग्रहालय त्याच्याहून पाच वर्षांनी धाकटं.

भयकथेची सगळीच पानं धुतल्या तांदळासारखी नाहीत, हेही सांगायला हवं. नाहीतर माझा लेख जाहिरात होईल. वेडसर माणूस, कुबड आलेली म्हातारी, रानातला भगत, मोठं कुंकू लावणारी एकटी बाई यांना आपल्या लेखकांनी भीतीचं आयतं सामान म्हणून कितीदा तरी वापरलंय. ठाण्यात राहणाऱ्याला हे जास्त खुपतं. 1901 पासून इथे मनोरुग्णालय आहे आणि तेव्हापासून उभ्या महाराष्ट्राला 'ठाण्याला पाठवा' हा एक विनोद मिळालाय. मानसिक आजाराच्या माणसाला घेऊन घरचे आधी देवऋषी, मग बाबा, मग कुठलं तरी जागृत ठिकाण असा फेरा करतात आणि डॉक्टरपर्यंत पोचेस्तोवर आजार जुना झालेला असतो. त्या माणसाला ऐकू येणारे आवाज लेखकानं भुताचे म्हणून विकले तर केवळ पुस्तकात छापले म्हणून ते निर्दोष ठरत नाहीत. गोष्ट मिटल्यावर आपण कुणाला भ्यायला लागलो, बळी घेणाऱ्याला की बळी गेलेल्याला, हे मी पाहते. दुसऱ्या प्रकारातलं पुस्तक मी स्वतःच कपाटात ठेवणार नाही, कमिटीनं सांगायचीही गरज नाही.

राहिला मुद्दा सणासुदीचा. साहेबाच्या देशात भुताची गोष्ट मुळात नाताळातली. डिकन्सनं 1843 मध्ये कंजूष स्क्रूजकडे भुतं पाठवली ती नाताळच्या आदल्या रात्री, आणि केंब्रिजचे एम. आर. जेम्स आपल्या भूतकथा नाताळच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना वाचून दाखवत. 1904 साली त्यांचा पहिला संग्रह आला. साहेबाच्या एवढ्या मोठ्या सणाला भूत बाटवत नाही. ऑक्टोबरचं भोपळ्याचं खूळ अमेरिकेनं वाढवलेलं, आणि ते आपण मॉलमधून घेतलं. आपल्याकडे तर वेगळं घ्यायची गरजच नव्हती. भाद्रपदाच्या वद्य पक्षात आपण गेलेल्यांना जेवायला वाढतो, कावळ्याची वाट बघत गच्चीवर उभे राहतो, आणि त्यातूनच शरदात शिरतो. पुढे दिवाळीची पहिली अंघोळ एका राक्षसाच्या वधाची. या दोहोंच्या मधल्या दिवसांत भूतकथा अशुभ कशी?

शिवाय वाचनाचा आपला मोसमच हा. 1909 साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस वर्षाचं वाचन शरदात करतो. संपादक अंतरकरांच्या 'नवल'नं गूढ, भय, साहस यांसाठी जागाच राखून ठेवली होती. फराळाच्या ताटाशेजारी कवटीचं मुखपृष्ठ पडलेलं असायचं आणि आजी त्याच्यावर चिवड्याची वाटी ठेवायची. तेव्हा कुणी विटाळलं नाही.

आज त्या अंकांकडे माझं एक मागणं आहे, आणि ते खाडीपलीकडचं आहे. आपल्या भयकथेला वाडा लागतो, कोकणातलं घर लागतं, पिंपळ लागतो. नवी मुंबईत तिला काही सापडत नाही, असं लेखक सांगतात. सरळ रस्ते, आखलेले सेक्टर, सिडकोचं गाव, इथे कसलं भूत? मला हे पटत नाही. सिडको ही नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी 1970 ची. तिच्यासाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या 95 गावांची जमीन घेतली: भातखाचरं, मिठागरं, खाजण. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले तेव्हा जासई आणि दास्तान फाट्याच्या गोळीबारांत पाच जण गेले. विमानतळासाठी 10 गावं उठली, उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, आणि 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं. घणसोली, कोपरखैरणे, बेलापूर, कुठेही जा. टॉवरांच्या मध्ये गावठाण आहे आणि गावठाणात गावदेवीचं देऊळ आहे. भूतकथेला याहून जास्त काय लागतं? कुणाचं तरी काहीतरी घेतलेलं असणं, आणि घेणाऱ्यानं ते विसरलेलं असणं.

सी-फेसिंग टू बीएचकेचा हप्ता भरणारं तरुण जोडपं, भरतीच्या रात्री बेसमेंटच्या पार्किंगमध्ये साचणारं पाणी, आणि ते पाणी जिभेला लावून 'हे पावसाचं नाही, मिठागराचं आहे' म्हणणारा गावातला एक म्हातारा लिफ्टमन. ही गोष्ट मला लिहिता येत नाही. लिहिता येणारे आसपास आहेत, आगरी-कोळी घरांतले तर नक्कीच आहेत. ते इतर पुष्कळ काही लिहितात, फक्त भयकथा त्यांच्याकडे कुणी मागत नाही. दिवाळी अंकांची जुळवाजुळव मे-जूनमध्ये सुरू होते, लेखकांना पत्रं जातात. येत्या वर्षीच्या पत्रात संपादकांनी दोन ओळी वाढवाव्यात: गोष्ट बेलापूर-पनवेल पट्ट्यातली असल्यास प्राधान्य दिलं जाईल, आणि 'सत्य घटनेवर आधारित' असा शेरा मारून आलेलं साहित्य न वाचता परत केलं जाईल.